लिहिण्यासाठी आणि एसटीच्या प्रवासासाठी छोटा लॅपटॉप: रोज वापरणारं कुणी आहे का?

खरडवही
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. या वेळी विचारून घ्यायचं ठरवलंय. मागचा लॅपटॉप न विचारता घेतला आणि सहा वर्षं त्याचं ओझं वाहतेय, अगदी खांद्यावर. पंधरा इंची, दोन किलो तीनशे ग्रॅम. वजन आमच्या वाण्याच्या काट्यावर केलंय. चार्जर धरला तर पावणेतीनच्या जवळ जातं.

मी विट्याची. ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचे, आता सोडलं. गेली चार वर्षं आठवडी बाजार आणि जनावरांच्या जत्रा यांच्यावर लिहितेय. खरसुंडी, सांगोला, आटपाडी, म्हसवड, मिळेल ती एसटी धरून. कामाची रीत ठरलेली आहे. पहाटेची गाडी, दिवसभर बाजारात वहीवर खरडायचं, आणि परतीच्या गाडीत नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणी त्याच रात्री टाइप करून टाकायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की संपलं. एकतर माझं अक्षर मलाच लागत नाही. शिवाय दुसऱ्याच्या तोंडचा शब्द रात्र उलटली की माझ्या तोंडचा होऊन बसतो. खरसुंडीत दोघे व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून खोंडाचा भाव करत होते, तिसऱ्याला कळू नये म्हणून. त्यातला म्हातारा हात सोडवून घेताना काहीतरी फार झणझणीत बोलला. वहीत मी एवढंच लिहिलंय, "म्हातारा चिडला." काय बोलला ते आज आठवत नाही. तेव्हापासून लॅपटॉप नेतेच.

आता अडचणी. एक, उजवा खांदा. डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात. पिशवी डावीकडे घ्या म्हणाले, तर आता डावाही बोलायला लागलाय. दोन, एसटीत पंधरा इंची पुरता उघडतच नाही. गेल्या महिन्यात निमआराममध्ये पुढच्या गृहस्थांनी मागे न बघता सीटची पाठ सोडली, ती थेट पडद्याच्या वरच्या कडेवर. माणूस सज्जन, स्वारगेटपर्यंत माफी मागत होता. पण तेव्हापासून पडद्यावर डाव्या बाजूला एक गुलाबी उभी रेघ आली आहे. शाळेच्या वहीला समास असतो ना, हुबेहूब तशी.

मला लागतं ते इतकंच: मराठी टाइपिंग (कीबोर्डची इन्स्क्रिप्ट मांडणी, दुसरी येत नाही), पाच-सहा तास बॅटरी, एसटीच्या सीटवर शेजारच्या बाईला कोपर न लागता वापरता येईल असा आकार. नेट नसलं तरी चालतं. बजेट तीस हजार, ओढूनताणून. इथल्या दुकानदाराने अकरा इंची दाखवला, एक किलोचा, बावीस हजारांना. हातात घेतल्यावर मोह झाला. मराठी टाइप करून बघू का म्हटलं तर म्हणाला, "आपल्याकडे मराठी नसतं मॅडम." भाचा म्हणतो टॅब घे.

अकरा इंच बोटांना आणि डोळ्यांना पुरतो का? यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ बघून झालेत. त्यांत एकाही पठ्ठ्याने मराठीची एक ओळ टाइप केलेली नाही. रोज वापरणाऱ्यांनीच सांगा.


नऊपन्नास
मंगळवार, रात्री ११:२२

पुरतो. चार वर्षं कर्जत लोकलमध्ये अकरा इंचीवर लिहितोय, चौथी सीट मिळाली तरी मांडीवर राहतो. मी फोनेटिकवाला. विंडोजमध्ये २०१९पासून मराठी फोनेटिक आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही, नेटही लागत नाही.

फक्त एक बघा. स्वस्तातल्या अकरा इंचीत चार जीबी रॅम आणि ६४ जीबीची साठवण बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. विंडोजची अपडेटं आली की त्यातलं अर्धंअधिक तिथेच जातं. माझ्या पहिल्या अकरा इंचीत शेवटी मी आणि विंडोज यांच्यात जागेवरून रोज भांडण असायचं, डोंबिवलीच्या गर्दीसारखं.


जुळारी
बुधवार, सकाळी ६:१५

खरडवहीताई, नऊपन्नासरावांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. ते रोमनातून मराठी लिहितात, सव्वीस अक्षरं धड असली की त्यांचं भागलं. तुम्ही इन्स्क्रिप्टवाल्या. दुकानात गेलात की आधी पडदा बघू नका, वजनही करू नका. उजव्या हाताची करंगळी पडते तो पट्टा बघा.

का, ते सांगतो. इन्स्क्रिप्टमध्ये मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. एलवर आपला त. त्याच्या पलीकडे इंग्रजीत अर्धविराम असतो, तिथे च. त्याच्या पलीकडे अवतरणचिन्ह, तिथे ट. वरच्या ओळीत पीवर ज, पुढच्या चौकटी कंसावर ड. खालच्या ओळीत तिरप्या रेघेवर य. आणि एंटरच्या डोक्यावर जी उलटी तिरपी रेघ असते तिथे ॉ, म्हणजे तुमचे डॉक्टर आणि कॉलेज. शिफ्ट धरलीत की त्याच जागांवर छ, ठ, झ, ढ, ऑ. आता इंग्रजी लिहिणाऱ्याला चौकटी कंस लागतो कितीदा? आठवड्यातून एकदा. म्हणून लॅपटॉप आखूड करायचा झाला की कारखानदार हीच बटणं आधी बारीक करतो. क्यू ते पी पूर्ण रुंदीची ठेवतो, खोक्यावर 'फुल साइज कीबोर्ड' छापतो आणि उजवा पट्टा चेंगरतो. आणि मराठीत 'च्या' आल्याशिवाय दोन ओळी जात नाहीत हो. च, हलन्त, य, काना. चारातले दोन त्या चेंगरलेल्या पट्ट्यात.

मी छापखान्यात खिळे जुळवत मोठा झालो, डीटीपी नंतर आलं. खिळ्यांच्या केसमध्ये जास्त लागणारा खिळा मोठ्या खणात, हाताशी. कधीमधी लागणारा कडेच्या बारक्या खणात. कडेच्या खणात च आणि य टाकून ठेवले असते तर आमच्या फोरमनने माझा कान तिथेच उपटला असता.

अनुभव ऐका. २००८च्या सुमारास मी एक सात इंची नेटबुक घेतलं होतं. कंपनीचं नाव काढत नाही, एरवी गुणी चीज होती, डबा ठेवायच्या पिशवीत मावायची. तिची उजवी शिफ्ट नखाएवढी, आणि तीही वर जाणाऱ्या बाणाच्या पलीकडे. इन्स्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई, उ, ए, ओ हे पूर्ण स्वर डाव्या हाताचे, म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीने धरायची. त्या उन्हाळ्यात देवगडला हापूसच्या बागांवर लेख लिहायला गेलो. 'आंबा' लिहायला घेतला की करंगळी शिफ्टऐवजी बाणावर. कर्सर उडी मारून वरच्या ओळीत, आणि शिफ्ट लागलेली नसल्यामुळे 'आ'ऐवजी नुसता काना, मग अनुस्वार, मग 'बा'. मी आपला बागायतदाराच्या तोंडाकडे बघत टाइप करतोय. रात्री खोलीवर वाचायला घेतलं तर जिथे हवा तिथे आंबा कुठेच नाही. सगळे वरच्या ओळीत चढून बसलेले! 'कलम' शब्दाला चिकटून 'कलमांबा' झालेला. एके ठिकाणी काना बसायला अक्षर मिळालं नाही म्हणून ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला. अठ्ठावीस आंबे एकेक करून खाली उतरवले. घळ लावून आंबे उतरवणाऱ्या गड्यालाही एवढा वेळ लागला नसता.

पडद्याचं थोडक्यात. इंच तिरपे मोजतात, आपल्याला लागते उंची. वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, त्यामुळे देवनागरीची ओळ इंग्रजीपेक्षा उंच. आडवा रुंद पडदा सिनेमाला बरा. माझ्या पडद्याला ७६८ ठिपक्यांची उंची आहे. वर्डची वरची पट्टी आणि खालची टास्कबार धरून चौदा ओळी दिसतात. कंट्रोल धरून एफ१ दाबलं की वरची पट्टी मिटते, टास्कबारही लपवता येते, मग अठरा होतात. सोळास दहा किंवा तीनास दोन प्रमाणाचा पडदा मिळाला तर सोडू नका. फॉन्टसुद्धा बघा. मंगल दोन ओळींत बैलगाडी जाईल एवढी जागा सोडतो. अंतर आपण ठरवावं, पण फार आवळू नये, रफार छाटला जातो.

माझ्याकडे थिंकपॅड एक्स२२० आहे. २०११चं मॉडेल, साडेबारा इंची, मी २०१६ साली दुसऱ्या हाताचा घेतला. वजन दीड किलोच्या आसपास, उजव्या पट्ट्यातली सगळी बटणं ऐसपैस, बॅटरी मागून खटकन निघते म्हणून दोन बाळगतो. पण तुम्हाला एवढा जुना सुचवत नाही. मी लिनक्सवर आहे, तो संसार ज्याचा त्याने करावा. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. साडेबारा-तेरा इंची, आठव्या पिढीचा, ऑफिसांतून निघालेला जुना लॅपटॉप शोधा. तुमच्या बजेटच्या आतच मिळेल.

दुकानात मराठी कीबोर्ड सुरू करून हे वाक्य न बघता तीनदा टाइप करायचं:

आटपाडीच्या डॉक्टरच्या टेबलाखाली चिठ्ठ्यांच्या ढिगाऱ्याएवढी ओली छत्री.

अर्थ विचारू नका. यात सगळी अडणारी बटणं आहेत. 'ढिगाऱ्या'तला ऱ्य नीट आला पाहिजे, शिफ्टसकट जेवर ऱ आहे, मग हलन्त, मग य. तिन्ही वेळा न चुकता आलं तर पैसे काढा.


अनवाणी
बुधवार, दुपारी १:५०

जुळारीकाका, अठ्ठावीस आंबे वाचून ऑफिसात एकटीच हसले.

पण ताई, लॅपटॉप हवाच का? मी दोन वर्षं आळंदी ते पंढरपूर वारीसोबत चालत बातम्या दिल्या. सोबत फोन, पॉवर बँक आणि घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड. कीबोर्डची घडी बरोबर मधे, त्यामुळे मांडीवर ठेवला की पुस्तकासारखा मिटतो. टेबल पाहिजेच. वारीत टेबल कुठलं? चार दिवसांनी तो पिशवीच्या तळाला गेला आणि मी फोनवर बोलून टाइप करायला लागले. मराठी बऱ्यापैकी ऐकतो फोन. रात्री पालखीतळावर बसून दुरुस्त करायचं, पाठवायचं, झोपायचं. वजन शून्य.

आता खरं सांगायचं तर एका विणेकरीबाबांची मुलाखत घेतली होती, चालता चालता. रात्री उघडली तर प्रत्येक वाक्यात 'तुकाराम'. "आमचं गाव तुकाराम दुष्काळी तुकाराम पण वारी चुकवली नाही तुकाराम." बाबा काही तसं बोलले नव्हते, मागची दिंडी म्हणत होती. जनावरांच्या बाजारात काय ऐकेल तो फोन, मला कल्पना करवत नाही. तरी बघा, खांदा तरी वाचेल.


खरडवही
बुधवार, रात्री ९:३०

अनवाणी, हसून पुरेवाट झाली. खरसुंडीत मी फोन समोर धरून एकदा रेकॉर्ड केलं होतं. एक तास दहा मिनिटं. त्यात माझा प्रश्न एक, बाकी सगळं खिलार हंबरतंय. शिवाय फोन तोंडासमोर धरला की माणसं एकदम पुस्तकी बोलायला लागतात. "सदर बैल हा" वगैरे. वही चालते त्यांना. वही म्हणजे तलाठी, त्याची सवय आहे.

जुळारीकाका, आत्ता माझ्या पंधरा इंचीवर करंगळी फिरवून पाहिली. तुम्ही म्हणता तो पट्टा मी चार वर्षं वापरतेय, पण तो असा वेगळा कधी दिसलाच नाही. वाक्य पाठ केलंय. मुलगी विचारते, "आई, कोणते डॉक्टर?"


नेकारकाठचा
गुरुवार, पहाटे २:१०

इथे रात्रीचे पावणेअकरा वाजलेत, म्हणून ही वेळ. श्टुटगार्टला राहतो, मूळचा मिरजेचा. जुळारींच्या पट्ट्याला एक जर्मन शेपूट जोडतो.

जर्मन भाषेत डोक्यावर दोन टिंबं दिलेले तीन स्वर आहेत, उम्लाउट म्हणतात त्यांना. जर्मन कीबोर्डवर ते कुठे बसतात? टिंबवाला ओ आपल्या चच्या जागी, टिंबवाला आ टच्या जागी, टिंबवाला यू डच्या जागी! म्हणजे जो पट्टा इंग्रजांना अडगळ, तो जर्मनांना रोज लागतो. त्यामुळे इथे विकायच्या छोट्या लॅपटॉपवर ती बटणं सहसा अंगभर असतात. अपवाद आहेत, फार नाजूक मॉडेलांत इथेही चेंगरतात. पण एकूण जर्मन माणसाच्या हट्टाचा फायदा मराठी माणसाला होतो, हे मला इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं. ऑफिसचा लॅपटॉप घरी आणून आईला पत्र लिहायला बसलो आणि च, ट, ड आपसूक बोटाखाली आले. छापलेली अक्षरं परकी, बोटं विट्या-मिरजेची.

आणखी एक गंमत. जर्मन कीबोर्डवर एंटर उभी, दोन ओळी उंच. त्यामुळे ॉचं बटण वर न राहता टच्या शेजारी येतं. डॉक्टर लिहायला हात उचलावा लागत नाही.

तोटेही सांगतो. डावी शिफ्ट आखूड, तिच्या आणि झेडच्या जागेच्या मधे एक जादा बटण. ख, घ, थ, ध, भ, श यांना डावी शिफ्ट लागते. सुरुवातीला करंगळी त्या मधल्यावर पडते, नको ते चिन्ह उमटतं आणि 'भाकरी'ची 'बाकरी' होते. पंधरा दिवसांत हात बसतो. दुसरं, वाय आणि झेड यांची छापील अदलाबदल आहे. इन्स्क्रिप्टला फरक पडत नाही, इंग्रजी बघून टाइप करणाऱ्याला पडतो.

हे सांगायचं कारण, मागच्या सुट्टीत पुण्यात जुन्या लॅपटॉपच्या दुकानात जर्मन आणि फ्रेंच कीबोर्डचे बरेच पडलेले दिसले. अक्षरं वेगळी म्हणून गिऱ्हाईक हात लावत नाही, भाव उतरतो. जर्मन मिळाला तर घ्या. फ्रेंच नको. त्यात अक्षरांची आणखी उलथापालथ आहे आणि तुमचा भाचा पासवर्ड टाकताना रडेल.


नऊपन्नास
गुरुवार, सकाळी ८:०५

चार्जिंगचं राहिलं म्हणून परत आलो. टाइप-सी चार्जिंगचाच घ्या ताई. फोन आणि लॅपटॉपला मिळून एक चार्जर, पावशेराचा. पॉवर बँकही चालते, पण पंचेचाळीस वॉट तरी देणारी हवी, साधी फोनवाली लॅपटॉपला ओळखच देत नाही. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर. विमानात १०० वॉट-अवरपर्यंत हातातल्या सामानात चालते, चेक-इन बॅगेत टाकायची नाही.

रेल्वेच्या डब्यातला पॉइंट ११० व्होल्टचा असतो. लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० घेतात, त्यामुळे चालतं, फक्त प्लग सैल असतो, खाली रुमालाची घडी लावावी लागते. आणि रात्री अकरा ते पहाटे पाच पॉइंट बंद करतात बऱ्याच गाड्यांत. आगीची भीती. मी एकदा कोकणकन्येत दोन तास पॉइंट बिघडला म्हणून अटेंडंटला शोधत फिरलो. त्याने घड्याळ दाखवलं.


जुळारी
गुरुवार, सकाळी ८:४०

नेकारकाठचे, पन्नास वर्षं अक्षरांत काढली आणि हे जर्मन प्रकरण मला आज कळतंय. माझ्या एक्स२२०ला जर्मन कीबोर्ड मिळतो का बघतो. मिळाला तर घरात कुणी माझ्या लॅपटॉपला हात लावणार नाही, हा वरकड फायदा.


खरडवही
रविवार, रात्री ९:०५

मंडळी, घेतला!

शनिवारी भाच्याला घेऊन पुण्याला गेले. तपकीर गल्लीपासून थोडं पुढे एक जुन्या लॅपटॉपचं दुकान, जिन्याखाली. आधी अकरा इंची मागितला, म्हटलं मोह तरी मिटू दे. मराठी कीबोर्ड भाच्याने सुरू करून दिला. 'आटपाडीच्या' टाइप करायला घेतलं. 'आ' आला, पुढे ट म्हणून दाबलं ते एंटर. 'आ' एका ओळीवर, 'पाडीच्या' पुढच्या. डॉक्टर तीन ओळींत विभागले गेले. वाक्य संपलं तेव्हा मुक्तछंदातली कविता झाली होती. ट तिथे भेंडीच्या चकतीएवढा होता, खोटं नाही सांगत.

दुसरा साडेबारा इंची थिंकपॅड, आपल्याकडचा कीबोर्ड, आठव्या पिढीचा. वाक्य तिन्ही वेळा सरळ आलं. चोवीस हजार म्हणाला. मग मी विचारलं, "जर्मन आहे का?" दुकानदाराने माझ्याकडे, मग भाच्याकडे बघितलं. पोटमाळ्यावरून एक काढून आणला. तोच साडेबारा इंची, पुसलेलासुद्धा नव्हता. साडेसतरा हजार. म्हणाला, "वर्ष झालं मॅडम, कुणी घेत नाही, स्टिकर लावून देऊ का?" नको म्हटलं. त, च, ट, चारदा बोट फिरवलं. सगळी एका मापाची. आणि ॉ खरंच टच्या शेजारी! पहिल्या खेपेला 'ढिगाऱ्या'त अडले, ती चूक माझी. पुढच्या तिन्ही खेपांना आख्खं वाक्य नीट.

बॅटरी साडेचार तास चालते, सहा नाही. पॉवर बँक घेतली, नऊपन्नास यांनी सांगितली तशी. वाण्याच्या काट्यावर एक किलो एकशे ऐंशी. वाणी म्हणाला, "निम्मा झाला की!"

नेकारकाठच्या काकांनी बजावूनही व्हायचं ते झालंच. रात्री पासवर्ड तीनदा चुकला. माझ्या पासवर्डात वाय आहे, छापलेल्या वायवर बोट ठेवलं की पडतो झेड. टिंबं टिंबंच दिसतात, कळणार कसं? भाचा झोपला होता, त्याला उठवलं. 'बाकरी'ही दोनदा झाली.

आज नवा लॅपटॉप घेऊन आटपाडीला जाऊन आले. परतीला खिडकीची सीट, शेजारी बाई आणि तिच्या मांडीवर पोर, तरी उघडला आणि विटा येईपर्यंत दोन पानं झाली. शेळ्या विकायला बसलेली एक म्हातारी गिऱ्हाइकाला म्हणाली ते जसंच्या तसं इथे आहे: "दात काय बगतुयास, ती काय तुला चावाय आणलीया व्हय? डोळं बग तिचं." पडद्यावर ओळी कमी दिसतात, काका, सोळाच. पण गुलाबी समास नाही.

हो, एक राहिलं. पैसे देताना दुकानदार पडद्यावरचं वाक्य वाचत होता. म्हणाला, "आटपाडीत कुठले डॉक्टर हो? माझं आजोळ आहे तिथलं."


जुळारी
रविवार, रात्री ९:४०

सांगायचं ना, छत्रीवाले.